पाच किलोच्या आत

दीनानाथ करड्यांचं हर्नियाचं ऑपरेशन जानेवारीच्या मध्यावर झालं. टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. दीनानाथांनी विचारलं, पाच म्हणजे नेमके पाच, की साधारण पाच? डॉक्टर त्यांना पंधरा वर्षं ओळखत होते. ते म्हणाले, घरात वजनकाटा असेल तर नेमके पाच.

घरात तीन वजनकाटे होते, कारण घरात सुनीतीबाई होत्या. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण निवृत्तीचा त्यांच्या कामाशी फारसा संबंध आला नव्हता. हिंजवडीच्या पलीकडे, बहात्तर सालच्या दुष्काळी कामावर खोदलेला एक पाझर तलाव आहे. दोन हजार तीनच्या जानेवारीपासून त्या दर महिन्याला तिथे जात. तलावात ठरलेल्या तीन जागा होत्या. प्रत्येक जागी पाण्याचं तापमान घ्यायचं, बाटलीत नमुना भरायचा आणि दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजायचं. सुरुवात केली तेव्हा काठावर ज्वारी होती आणि तबकडी दोन मीटर चाळीसपर्यंत दिसायची. आता काठावर काचेच्या इमारती होत्या आणि तबकडी सव्वा मीटरच्या आतच गडप व्हायची. सोळा वर्षांत एकही महिना चुकला नव्हता. हे आकडे वाचतं कोण, असं त्यांच्या मुलाने, तेजसने, एकदा विचारलं होतं. "अजून कुणी नाही," त्या म्हणाल्या होत्या, "म्हणून तर ते बरोबर असलेले बरे."

पहिली नऊ वर्षं त्या गावातल्या हिंदुरावांच्या होडीतून जात. पुढे हिंदुराव थकले, होडी कुजली. मग तेजसने अमेरिकेतून येताना हवा भरून फुगवायची रबरी बोट आणली, आणि तिच्या मागे लावायची विजेवरची छोटी मोटर. मोटरला बॅटरी लागते, आणि बॅटरी म्हटलं की दीनानाथ.

दीनानाथांनी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यांतली सव्वीस एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल, कमरेएवढे उंच, रांगेत उभे. त्यांत शुद्ध पाणी घालायचं, आम्लाची घनता मोजायची, व्होल्टमीटर लावायचा आणि रजिस्टरवर सही करायची. आम्लाच्या थेंबांनी त्यांच्या सगळ्या पँटना बारीक भोकं पडलेली असत. शहरातली वीज गेली तरी फोनमधला सूर जात नसे. तो कुणामुळे जात नाही, हे शहराला ठाऊक नव्हतं आणि दीनानाथांना ते पुरेसं होतं. पुढे मोबाइल आले, त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, ते घरी आले. तेव्हापासून त्यांच्या ताब्यात एकच बॅटरी उरली होती: बोटीची. साडेतेवीस किलोची, शिशाची, आणि दर रविवारी पुसलेली.

गाडी रस्त्यावर लावली की तलावाचा बांध चढून पलीकडे पाण्यापर्यंत तीनशे दहा पावलं होती. तीनशे दहा हा आकडा सुनीतीबाईंचा. बोट, मोटर, नमुन्यांची पेटी त्या दोन फेऱ्यांत नेत. बॅटरी दीनानाथ नेत. मग त्या पाण्यात जात आणि ते बांधावर थर्मास घेऊन बसत. त्यांना पोहता येत नव्हतं, आणि बोटीत पाऊल ठेवायचा त्यांनी कधी विषयही काढला नव्हता. सात वर्षांत महिन्यातून एकदा, तीनशे दहा पावलं जायला आणि तीनशे दहा यायला, एवढाच त्यांचा त्या कामातला वाटा होता. पण तेवढा तरी होता.

फेब्रुवारीची दहा तारीख गेली तशी सुनीतीबाई म्हणाल्या, की हलकी बॅटरी बघायला हवी. हल्ली लिथियमच्या मिळतात. सहा-सात किलोची असली की मी एकटी नेऊ शकेन, तुम्हाला त्रास नको.

"मग मी कशाला येऊ?" दीनानाथ म्हणाले.

"गाडी राखायला."

"ती राखायला कुलूप आहे."

सुनीतीबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यांना जे बोलायचं नसेल ते त्या काचेवरून पुसून टाकत. दीनानाथ पुढे तीन दिवस शिशाच्या बॅटरीचे गुण सांगत राहिले. ती प्रामाणिक असते. दमली की दमले म्हणते. तुमचं ते लिथियम मोबाइलमध्ये ठीक आहे. सुनीतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चौथ्या दिवशी रिक्षा बोलावली.

कसब्यात अय्युबभाईंचं बॅटरीचं दुकान होतं. खात्यात असताना जुने सेल दुरुस्त करून घ्यायला दीनानाथ तिथेच जात. आता अय्युबभाई गल्ल्यावर पेपर वाचत बसत आणि दुकान त्यांची मुलगी सुमय्या बघे. ती इंजिनिअर होती, हिंजवडीत सहा वर्षं नोकरी करून कंटाळून परत आली होती, आणि मागच्या खोलीत स्वतः लिथियमच्या बॅटऱ्या जुळवत होती. तिने तीन नमुने काउंटरवर ठेवले. तीस अँपिअर-अवरची, पन्नासची आणि शंभरची. दीनानाथांनी वजनं विचारली. तीसची तीन किलो नऊशे, पन्नासची सहा किलो दोनशे, शंभरची साडेअकरा.

तीन किलो नऊशे. दीनानाथांनी ती उचलून पाहिली. एका हाताने. मग खाली ठेवली, आणि पुन्हा उचलली.

"काका, पन्नास घ्या," सुमय्या म्हणाली. "तलावात जायचं म्हणजे हातात थोडं जास्त असावं."

"ही तीसची सगळी वापरता येते ना? आमच्या शिशाची अर्धीच वापरायची असते."

जवळजवळ सगळी येते, सुमय्याने कबूल केलं. मग तीस पुष्कळ झाली, दीनानाथ म्हणाले, आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं की आता हरणार. सुनीतीबाईंकडे सात वर्षांच्या प्रत्येक फेरीची वही होती: मोटर कितीवर, किती मिनिटं, वारा कुठला. त्यांनी आदल्या रात्री सगळं मांडून हिशेब केला होता, आणि तो कागद पर्समध्ये होता. त्यांनी तो काढला, डोळ्यांसमोर धरला.

"तीस येतात," त्या म्हणाल्या.

दीनानाथांना इतका आनंद झाला की त्यांनी कागद बघायलाही मागितला नाही. सुमय्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने एक छोटं यंत्र पुढे केलं. बॅटरीतून किती गेलं आणि किती उरलं ते त्यावर आकड्यात दिसतं, म्हणाली. हे तरी घ्या. दीनानाथांनी ते हलकेच मागे सरकवलं. सव्वीस वर्षं ते व्होल्टमीटर बघून बॅटरीची नाडी सांगत आले होते.

"लिथियमचा व्होल्टेज बघून काही कळत नाही, काका. ती शेवटपर्यंत हसतमुख असते आणि मग एकदम बसते."

"बेटा, बॅटरी ती बॅटरीच."

गल्ल्यावरून अय्युबभाई पेपर खाली न करता म्हणाले, "सुमय्या, बिल कर. करडेसाहेब ऐकायला आलेले नाहीत, घ्यायला आलेत."

घरी आल्यावर दीनानाथांनी बॅटरी तिन्ही काट्यांवर ठेवून पाहिली. तीन किलो नऊशे बारा ग्रॅम. वायर आणि पिशवी धरून चार किलो साडेतीनशे. त्यांनी डॉक्टरांना फोन करून तो आकडा कळवला. डॉक्टर म्हणाले, अभिनंदन.

फेब्रुवारीच्या बावीस तारखेला, शुक्रवारी, ते निघाले. कंपन्यांच्या बसच्या रांगेत पाऊण तास गेला. दीनानाथांनी बॅटरी मांडीवर घेतली होती, गाडी सुनीतीबाई चालवत होत्या. बांधापाशी उतरल्यावर दीनानाथांनी पिशवी खांद्याला लावली आणि तीनशे दहा पावलं चालले. पूर्वी दर पन्नास पावलांवर थांबावं लागे. आज कुठेच थांबावं लागलं नाही, आणि काम इतक्या लवकर संपलं याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

बोट पाण्यात गेली तेव्हा तिचं नाक वर उचललेलं दिसलं. साडेतेवीस किलोची बॅटरी नेहमी पुढे ठेवलेली असे, लांब वायर लावून. मागे मोटर आणि सुनीतीबाई, पुढे बॅटरी, असा तोल होता. आता पुढे चार किलोसुद्धा नव्हते. वाऱ्याची झुळूक आली की नाक एका बाजूला वळायचं आणि सुनीतीबाई मोटरचा दांडा दाबून ते परत आणायच्या. त्यासाठी त्यांना मोटर नेहमीपेक्षा जोरात चालवावी लागत होती. हे दीनानाथांना काठावरून दिसलं, पण काय दिसलं ते कळलं नाही. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं.

पहिली जागा झाली. दुसरी झाली. मग सुनीतीबाईंचा फोन आला. आज दोनच जागा करून परत येऊ का, असं त्या विचारत होत्या. सोळा वर्षांत त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं.

"का? व्होल्टमीटर काय म्हणतो?" दीनानाथांनी विचारलं. तो त्यांनी स्वतः बॅटरीला बांधून दिला होता.

"बारा पॉइंट नऊ."

दीनानाथ हसले. शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना, थंड बसलेली असताना, बारा पॉइंट सात दाखवते. बारा पॉइंट नऊ म्हणजे काठोकाठ. "अगं, तिने अजून चहासुद्धा घेतलेला नाही. जा बिनधास्त तिसरीकडे."

त्या गेल्या. नवऱ्यावर नव्हे, पण नवऱ्याच्या सव्वीस वर्षांवर त्यांचा विश्वास होता.

तिसरी जागा तलावाच्या पश्चिम टोकाला, बांधापासून सगळ्यात लांब. बोट निम्म्याहून जास्त गेली आणि थांबली. दीनानाथांना वाटलं जागा आली. मग त्यांनी पाहिलं, की बोट थांबली नव्हती, गोल फिरत होती. वारा तिला पलीकडच्या काठाकडे, पाणगवताकडे ढकलत होता. सुनीतीबाईंनी वल्ही बाहेर काढली, चार हात मारले, नाक वळलं, पुन्हा मारले, पुन्हा वळलं. उजव्या खांद्याला हात लावून त्या बसल्या.

बांधाखाली म्हैस चारणाऱ्या इंदुबाई त्यांना कित्येक वर्षं बघत आलेल्या. त्या वर चढून आल्या आणि कपाळावर हात धरून म्हणाल्या, "बाईंची नाव गिरक्या घेतीया निस्ती. आज काय नवीन मोजत्यात का?"

दीनानाथांनी फोन लावला. थांबलीस का, म्हणून विचारलं.

"मी नाही थांबले," सुनीतीबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची हसतमुख थांबली."

व्होल्टमीटर काय म्हणतो, असं त्यांच्या तोंडातून निघून गेलंच. शून्य, त्या म्हणाल्या. एका मिनिटापूर्वी बारा पॉइंट आठ होतं, आता शून्य आहे. मी गवतात अडकेन, काळजी करू नका, उथळ आहे. खांदा जरा दुखतोय. थोडं थांबून येते वल्हवत.

दीनानाथांनी थर्मास तिथेच ठेवला आणि चालायला लागले. इंदुबाई मागून ओरडल्या, बांधावरून जाऊ नका, सांडव्यापाशी चिखल हाय, वरच्या अंगानं जा. वरच्या अंगाने सुबाभळीची दाटी होती, मग एका कंपनीच्या आवाराचं तारेचं कुंपण, मग ओढा. चालताना ते मनातल्या मनात गणित करत होते. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक्स्चेंज एकदाही बंद पडलं नव्हतं. एकदाही. आणि जी बॅटरी बंद पडू द्यायची नव्हती ती त्यांनी स्वतः, मुद्दाम, चार किलोच्या आत बसवून घेतली होती. पोरीने पन्नास सांगितलं होतं. ते आकडा दाखवणारं यंत्र पुढे केलं होतं. त्यांनी बॅटरी निवडली नव्हती. त्यांनी स्वतःला उचलता येईल असं ओझं निवडलं होतं. ओढा ओलांडताना बूट भिजले.

पस्तीस मिनिटांनी ते पोचले तेव्हा सुनीतीबाई गवतात अडकलेल्या बोटीत बसून दुसऱ्या जागेच्या नोंदी स्वच्छ अक्षरात लिहीत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "ऑपरेशनला साडेपाच आठवडे झालेत तुमच्या," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही ओढा ओलांडला."

"उचललं काही नाही."

"बूट उचललेत. ओले. एकेक किलोभर असेल."

दीनानाथ काठावर उभे राहिले. जे बोलायचं ते चालताना ठरवलं होतं, पण ते लांबलचक होतं, आणि आता त्यातलं शेवटचंच वाक्य आठवलं. "सुनीती, चूक माझी आहे. मला बॅटरी स्वतः न्यायची होती, म्हणून मी तीसची घेतली. तुझा हिशेब बरोबरच असणार, पण बारा नऊला काठोकाठ मी म्हणालो."

सुनीतीबाईंनी चष्मा काढला. पुसला नाही, हातातच धरला.

"हिशेब चौतीस पॉइंट सहा येत होता," त्या म्हणाल्या. "वारा नसेल तर."

दीनानाथांना आधी नीट कळलं नाही. मग दुकानातला तो कागद आठवला. तीस. नुसते तीस. या बाईने चाळीस वर्षांत दूधवाल्यालासुद्धा दशांश चिन्हाशिवाय आकडा सांगितला नव्हता, आणि त्या दिवशी तिने सरळ तीस म्हटलं होतं, आणि त्यांनी कागद मागितला नव्हता.

"मग तीस का म्हणालीस?"

"तुम्ही ती दोनदा उचलून पाहिलीत," सुनीतीबाई म्हणाल्या. "मी ठरवलं होतं, या महिन्यात दोन जागा करू, तिसरी उद्या पुन्हा चार्ज करून येऊन करू. तुम्हाला सांगायचं नाही. पुढच्या महिन्यात तुमचे तीन महिने भरत आले असते, मग बघू म्हटलं." त्यांनी चष्मा लावला. "पण तुम्ही इतक्या खात्रीने जा म्हणालात, मला वाटलं माझंच गणित चुकलं."

सोळा वर्षं पाण्याचा आकडा जिने कधी इकडचा तिकडे केला नव्हता, तिने एक आकडा खाली आणला होता.  दीनानाथांनी बूट काढले, मोजे काढले, दोन्ही बोटीत टाकले आणि गवताला धरून पाण्यात पाय घातला.

"काय करताय?"

"येतो. तिकडून परत चालत गेलो तर डॉक्टर ओरडतील."

त्यांना बोटीत बसायला पाच मिनिटं लागली. सुनीतीबाईंनी आपलं लाइफ जॅकेट काढून त्यांना घातलं आणि पट्टे स्वतः आवळले. त्या स्वतः पट्टीच्या पोहणाऱ्या होत्या, तरी इतक्या वर्षांत त्यांनी ते जॅकेट पाण्यात कधी काढलं नव्हतं. दीनानाथ पुढे बसले, मागे तोंड करून, दोन्ही बाजूंच्या दोऱ्या घट्ट धरून. त्यांचं वजन एकसष्ट किलो. बोटीचं नाक पाण्यावर टेकलं. सुनीतीबाईंनी वल्ही मारली आणि बोट सरळ निघाली.

सरळ. वारा तोच होता. दहा हात मारून झाल्यावर त्या थांबल्या आणि मागे पाहिलं. बोटीमागे रेघ ओढल्यासारखी होती. दीनानाथांनाही आता ते कळलं, बांधावरून जे दिसूनही कळलं नव्हतं. पुढे वजन हवं होतं.

"म्हणजे शिशाचीच बरी होती," ते म्हणाले.

"शिशाची थर्मास उघडत नव्हती. तुमच्यापेक्षा कमी बोलत होती. बाकी फरक नाही."

"मी दर महिन्याला येऊ म्हणतेस का?"

 पन्नासची बॅटरी सहा किलो दोनशे आहे, ती मी नेईन, एवढंच सुनीतीबाई म्हणाल्या. सुमय्याने तीसची परत घेतली तर ठीक, नाहीतर तुमच्या रविवारच्या पुसण्याला राहू दे. दीनानाथ म्हणाले, ते आकडा दाखवणारं यंत्रही घेऊ, आणि तिची माफी मागू. अय्युबभाई पेपर खाली करतील असं काहीतरी बोलायला हवं.

तिसरी जागा वाटेतच होती, काठावरच्या बुटक्या पिंपळाच्या आणि एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या रेषेत. सुनीतीबाईंनी वल्ही आत घेतली. वाऱ्याला तोंड देऊन बोट धरून ठेवायला त्यांना एक हात वल्ह्यावर हवाच होता, आणि दुसरा दुखत होता. त्यांनी तबकडीची दोरी दीनानाथांच्या हातात दिली. दोरीवर दर पाच सेंटिमीटरला खूण होती. सोडत जा, त्यांनी सांगितलं, दिसेनाशी झाली की थांबा, आकडा बघा. मग वर ओढा, दिसायला लागली की पुन्हा आकडा. दोन्हींची सरासरी मी काढेन.

दीनानाथांनी एका हाताने बोटीची दोरी धरून ठेवली आणि दुसऱ्याने तबकडी सोडली. ती हिरवट पाण्यात उतरत गेली, पांढरं पिवळं झालं, पिवळं मळकट झालं, मग नुसता अंदाज उरला. त्यांनी बोट सोडून दोन्ही हात दोरीला लावले. आपण कुठे बसलोय हे त्यांच्या लक्षातून गेलं होतं.

"एक मीटर पंधरा."

"नक्की? की साधारण?"

दीनानाथ पाण्यावर आणखी वाकले. सुनीतीबाईंनी वल्हं मांडीखाली दाबलं, त्यांच्या जॅकेटचा पट्टा मुठीत पकडला आणि पेन्सिल वहीवर धरून थांबल्या.

"एक मीटर दहा," ते म्हणाले. "मघाशी मला दिसतेय असं नुसतं वाटत होतं."